उत्तर कुणाचं देणं लागतो?

वारंगा फाट्यावर तीन दिशांच्या गाड्या थांबतात: हिंगोलीच्या, नांदेडच्या आणि हदगाव-उमरखेडमार्गे विदर्भात जाणाऱ्या. गेल्या हिवाळ्यात तिथं खिचडी खात बसलो होतो. विशीतला एक मुलगा आला, सलाम केला आणि म्हणाला, "सर, मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाही."

पत्र आठवत होतं. दोनच ओळी होत्या. मुसलमान असून मराठीत का लिहिता, उर्दू येत नाही का? असली पत्रं मला दोन्हीकडून येतात. काहींना मी पुरेसा मराठी वाटत नाही, काहींना पुरेसा मुसलमान. हेही त्यातलंच समजून मी बाजूला टाकलं होतं. सलाम करणं सुन्नत आणि त्याचं उत्तर देणं वाजिब, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. त्याच्या सलामाला मी लगेच उत्तर दिलं, पत्राला मात्र नाही.

अशा वेळी मी नेहमी मिर्झा ग़ालिबच्या आड लपतो. फाट्यावरून नांदेड-देगलूरकडे जाणारा रस्ता पुढे हैदराबादकडे जातो. तिथल्या गोवळकोंड्यात, कुतुबशाहीच्या काळात, 'बुरहान-ए-क़ाते' हा फारसी कोश तयार झाला. ग़ालिबनं 1862 मध्ये त्याच्या चुका दाखवणारं 'क़ाते-ए-बुरहान' छापलं आणि मोहोळ उठलं. विरोधात पुस्तकं निघाली, घरी निनावी शिव्यांची पत्रं येऊ लागली. मौलवी अमीनुद्दीन यांच्या पुस्तकाला उत्तर का देत नाही, असं विचारल्यावर ग़ालिब म्हणाला म्हणे, गाढवानं लाथ मारली तर आपणही त्याला लाथ मारायची का? हालींनी ग़ालिबच्या चरित्रात हा किस्सा दिला आहे.

किस्सा झकास आहे, पण मी तो अर्धाच सांगत आलो. मेरठच्या रहीम बेग यांना ग़ालिबनं उत्तर लिहिलं होतं. मौलवी अहमद अलींना उत्तर म्हणून 1867 मध्ये 'तेग़-ए-तेज़' काढलं. म्हणजे शब्दांचे अर्थ काढून भांडणाऱ्याला उत्तर होतं, शिव्या देणाऱ्याला नव्हतं. तेही त्याला पूर्ण जमलं नाहीच. त्याच वर्षी त्यानं अमीनुद्दीनवर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि 1868 मध्ये तडजोड करून मागे घेतला. सत्तरीच्या म्हाताऱ्याला हे कशाला हवं होतं! ज्याला गाढव म्हटलं, त्यालाच कोर्टात ओढलं.

आपल्या मराठीत याच्या उलट टोकाला र. धों. कर्वे उभे आहेत. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. घरात, डॉक्टरकडे, मशिदीत-देवळात कुठंच विचारता न येणारे प्रश्न वाचक त्यांना विचारत आणि ते अंकात उत्तरं छापत. या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक विचारतात तर उत्तर का द्यायचं नाही, असा बाबासाहेबांचा साधा मुद्दा होता. विकृती असेल तर ती ज्ञानानंच जाईल. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. त्या काळी ही रक्कम काही थोडी नव्हती, आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी आधीच गेली होती. तरी उत्तरं थांबली नाहीत.

त्यांच्याकडे येणारे काही प्रश्न भाषेनं ओबडधोबड असणारच. ज्याला त्या विषयाचे शब्दच कुणी शिकवले नाहीत, तो सभ्य शब्दांत विचारणार कसा? इथं मी चुकलो होतो. मी पत्राचा सूर पाहिला, गरज पाहिली नाही. एवढं मात्र आजही म्हणतो, की 'अमुक गोष्टीचा निषेध करा, नाहीतर तुम्ही गद्दार' असं लिहिणाऱ्याला मी उत्तर देणार नाही. तो विचारत नसतो, हजेरी घेत असतो. बाबरापासून आजवरचा हिशेब कळमनुरी तालुक्यातल्या एका मास्तरानं का द्यावा?

पण त्या मुलाचं तसं नव्हतं. तो मराठी माध्यमात शिकलेला, मराठीत कविता करणारा. घरी मोठे अब्बा त्याला रोज हेच दोन प्रश्न विचारत. त्यानं ते जसेच्या तसे मला पाठवले होते.

"मला त्यांना सांगायला काहीतरी पाहिजे होतं," तो म्हणाला.

मी बोलायला लागलो तेवढ्यात त्याची उमरखेडची एसटी लागली. घाईघाईत वहीचं पान फाडून त्यानं पत्ता लिहून दिला. त्या रात्री मी चार पानं लिहिली. पहिल्या पानावर नुसती माफी होती.