खात्यातून परस्पर पैसे काढले गेल्यास काय करावे?

बँक खात्यातून आपल्या संमतीवाचून रक्कम काढली गेल्याचे आढळल्यास खातेदाराने सर्वप्रथम बँकेला कळविणे आवश्यक आहे. नुकसान कोणी सोसायचे, हे बऱ्याच अंशी ही सूचना केव्हा दिली यावरच ठरते.

भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून यासंबंधीची तत्त्वे निश्चित केली. बँकेच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास खातेदारावर त्याचा भार पडू नये, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार करणाऱ्यालाही पूर्ण संरक्षण देण्यात आले. चार ते सात दिवसांचा विलंब झाल्यास सर्वसाधारण बचत खात्यासाठी कमाल १०,००० रुपयांचे दायित्व ठरविण्यात आले. खातेदाराने स्वतःच ओटीपी अथवा पासवर्ड सांगितला असल्यास तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे, असाही नियम करण्यात आला. खातेदाराचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर सोपविण्यात आली.

त्यामुळे कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय सेवा तात्काळ बंद करून घ्याव्यात आणि तक्रार क्रमांक, दिनांक व वेळ लिहून ठेवावी. बँकेचा दूरध्वनी क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस अथवा पासबुकावर पाहावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक बनावट असू शकतो.

त्याचबरोबर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविली जाते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी सूचना मिळाल्यास संबंधित बँकेला ती रोखून धरता येते. व्यवहार क्रमांक, खाते उतारा आणि मोबाईलवरील संदेश पुरावा म्हणून जपून ठेवावेत.

बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास अथवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मात्र गेलेले पैसे परत मिळवून देण्यासाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे. ती बहुधा दुसरी फसवणूक असते.