कुर्ल्यात जोडलेली डॉज

डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या पन्नाशीच्या दशकातल्या तीन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर पुढची जाळी आणि नावाची अक्षरं सोडून फारसा फरक सापडत नाही. मुळात गाडी एकच, प्लिमथ. क्रायस्लर कंपनीने परदेशी बाजारांसाठी तिलाच डॉज आणि डिसोटो अशी नावं दिली, म्हणजे प्रत्येक विक्रेत्याकडे विकायला स्वतःची स्वस्त गाडी असेल. प्लिमथच्या बोनेटवर शिडाचं जहाज, डॉजच्या बोनेटवर मेंढा. आत मात्र तेच सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरहून थोडं मोठं साइड वॉल्व्ह इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तीन गिअरचा हँड गिअर आणि पुढेमागे सलग सीट. सहा माणसं ऐसपैस बसत. टोपी घालून आत बसता आलं पाहिजे, असा क्रायस्लरचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह होता. म्हणून या गाड्यांचं छप्पर उंच.

अमेरिकेत ही मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी होती. आपल्याकडे ती व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्या दारात आली, आणि पुढे मुंबईच्या टॅक्सीस्टँडवर. ती इथवर कशी पोचली, याचा माग काढताना रत्नागिरीचं नाव लागतं.

1928 मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला शेव्हरोले जोडायला सुरुवात केली. पाठोपाठ फोर्डही आली. सुटे भाग खोक्यांतून यायचे, इथे जोडले जायचे आणि नफा परत जायचा. देशाचा स्वतःचा मोटार कारखाना हवा, ही योजना अभियंते विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात मांडली आणि तो उभारण्याचं उद्योजक वालचंद हिराचंद यांनी मनावर घेतलं. 1937 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. त्याचे प्रमुख बाळासाहेब खेर हे जन्माने रत्नागिरीचे. त्यांच्या सरकारने या योजनेच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं. पण 1939 मध्ये महायुद्ध पेटलं, भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कारखान्याचा सरकारी आधार गेला. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने कारखान्याला मदत नाकारली.

सोलापूरच्या वालचंदांनी मात्र कारखान्याचा ध्यास सोडला नाही. 1940 मध्ये त्यांनी क्रायस्लरशी करार केला. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं बाहेर पडली. स्वातंत्र्याच्या वर्षी मराठी मुलखात जोडलेली अमेरिकन गाडी रस्त्यावर आली, ही मला आजही अभिमानाची गोष्ट वाटते.

1953 मध्ये वालचंद गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, जे टप्प्याटप्प्याने सुटे भाग इथेच बनवतील त्यांनीच या धंद्यात राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. पण 1954 पासून तिथेच फियाट 1100 तयार होऊ लागली. तिचं इंजिन डॉजच्या इंजिनाच्या एक तृतीयांशाहूनही लहान. पेट्रोल जपून वापरणाऱ्या देशात कोणती गाडी तगणार, हे उघड होतं. मोठ्या गाड्या मागे पडल्या. कित्येकांत टॅक्सीसाठी डिझेल इंजिन बसवलं गेलं, कित्येक भंगारात गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे.

आता या गाड्यांची किंमत कशात आहे? संग्राहकांच्या बाजारात चार दारांची सलून गाडी उघड्या छपराच्या गाडीइतकी भाव खात नाही, कारण ती मुळातच भरपूर बनली. तिचा खरा भाव अस्सलपणात आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनी हे कायद्यात आणलं. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नोंदणी दहा वर्षं चालते. गाडी प्रदर्शनं, रॅली यांसाठी काढता येते. रोज वापरता येत नाही. म्हणजे ज्या डॉजमध्ये डिझेल इंजिन बसलं, ती या व्याख्येबाहेर जाते.

कोकणात तर आणखी एक वैरी आहे. रत्नागिरीचा पाऊस आणि खारा वारा पत्रा आतून खातो. दाराची खालची कड, फूटबोर्ड, मॅटखालची जमीन आधी जाते. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावं. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली असते. चकचकीत रंग पाहून गाडी घेणारा इथेच फसतो. त्या मानाने इंजिनाचं दुखणं सोपं, कारण त्याचे बरेच भाग अमेरिकेत आजही मिळतात.

म्हणून माझं सांगणं इतकंच. घरात अशी गाडी असेल, तर डेंटिंग-पेंटिंगच्या आधी आरसी बुक, जुन्या पावत्या आणि फोटो शोधा. चॅसी आणि इंजिनचे नंबर कागदाशी ताडून पाहा. प्रीमियरची पट्टी किंवा खूण कुठे असेल, तर ती घासून काढू नका, आणि गाडीला ‘थेट अमेरिकेतून आणलेली’ म्हणून सजवू नका. त्याच घडणीच्या प्लिमथ अमेरिकेत अजूनही पुष्कळ आहेत. कुर्ल्याची खूण असलेली गाडी मात्र खेरांचा पाठिंबा, वालचंदांची चिकाटी आणि त्या कारखान्यातल्या कामगारांचे हात यांचा पुरावा आहे. हा पुरावा शाबूत असेल, तरच तिला मागितलेली किंमत खरी.