स्केटिंग रिंक : भूतल आणि मांडणी

चाके बसविलेल्या बुटांवर धावण्यासाठी, नृत्यासाठी किंवा हॉकी खेळण्यासाठी खास घडविलेल्या, कठड्याने बंदिस्त अशा सपाट क्रीडांगणास स्केटिंग रिंक म्हणतात. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ मध्ये सहज वळणाऱ्या चारचाकी स्केटचे पेटंट मिळविल्यानंतर या खेळाचा प्रसार झाला आणि अमेरिकेत मेपलच्या कठीण लाकडाची जमीन रूढ झाली. परंतु उत्तर कोकणच्या पावसाळी हवेत लाकूड फुगत असल्याने येथे घोटीव काँक्रीट किंवा कोटा फरशी हीच तजवीज व्यवहार्य ठरते.

या दृष्टीने ठाणे–भिवंडी रस्त्यावरील काल्हेर हे गोदामांचे गाव लक्षणीय आहे. कारण गोदामांसाठी जी ट्रायमिक्स पद्धत वापरतात, तीच रिंकलाही उपकारक आहे. मुरूम भरून, रोलर फिरवून, दगडी सोलिंग केल्यावर ओले काँक्रीट पसरावयाचे, कंपन देणाऱ्या पट्टीने समतल करावयाचे, त्यावर चटई अंथरून पंपाने जादा पाणी शोषून घ्यावयाचे आणि पृष्ठभाग आवळू लागताच फिरत्या पात्यांच्या यंत्राने तो घोटावयाचा, असा हा क्रम असतो.

मात्र गोदामाची जमीन जशीच्या तशी रिंक होऊ शकत नाही. वेड्यावाकड्या भेगा पडू नयेत म्हणून काँक्रीटमध्ये जे सांधे कापतात, त्यांवरून मालाची अवजड गाडी निर्धास्त जाते. पण सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचे स्केटचे चाक सांध्याच्या तुटक्या कडेवर अडखळते आणि मूल तोंडघशी पडते. म्हणून सांधे इपॉक्सीने काठोकाठ भरून जमिनीशी एकसारखे घासावेत आणि लांब सरळ पट्टी सर्व दिशांनी ठेवून उंचसखलपणा पारखावा. उघड्या काँक्रीटची धूळ बेअरिंगमध्ये शिरते व चाकांची पकड घालविते, यास्तव वर पॉलियुरेथेनचा लेप देतात. पण खाडीलगतच्या भूमीत ओल वर चढत असल्याने काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा जाड कागद नसेल, तर तो लेप फोड येऊन सुटतो.

रिंक हॉकीसाठी ४० × २० मीटर हे प्रमाण माप असून कोपरे गोलाकार आणि कठडा सुमारे १ मीटर उंच लागतो. ज्या शेडमध्ये मधोमध खांब आहेत, ती या कामी पत्करूच नये. खांबांना गाद्या बांधणे हा तोडगा अपुरा आहे. वेगस्पर्धेचा २०० मीटर लांबीचा, वळणांवर उंचावलेला मार्ग हे स्वतंत्र बांधकाम होय.

मक्त्याचा करारनामा करताना लेपाच्या रंगाआधी सोलिंग आणि ओलरोधक थर यांची कलमे लिहून घ्यावीत. काँक्रीट एकदा पडले की या दोहोंची दुरुस्ती जमीन फोडल्याखेरीज होत नाही.