लेख तुमचा, हक्क कुणाचा?

संशोधनपर लेख जर्नलने स्वीकारला की आनंदाच्या भरात एका कागदावर न वाचताच सही होते. तो कागद असतो कॉपीराइट हस्तांतरणाचा. मानधन नसतेच, वर पुढे स्वतःचाच लेख पुस्तकात घ्यायचा तर प्रकाशकाची परवानगी मागायची वेळ येऊ शकते. हा रिवाज वाटतो तितका जुना नाही.

दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये ग्रंथांच्या नकला करून विकणाऱ्यांना ‘वर्राक’ म्हणत. ‘अल-फिहरिस्त’ ही प्रसिद्ध ग्रंथसूची लिहिणारा इब्न अल-नदीम याच पेशातला. नक्कल करण्यावर कुणाची मक्तेदारी नव्हती. मात्र एखादा ग्रंथ अधिकाराने शिकवायचा, तर लेखकाची किंवा त्याच्या शिष्यपरंपरेतल्या कुणाची ‘इजाजा’ घ्यावी लागे. आपल्या बोलण्यातली ‘इजाजत’ तीच. आजच्या कायद्याशी तिचे नाते ओढूनताणून जोडू नये. पण परवानगी देणे म्हणजे मालकी सोडणे नव्हे, एवढे त्यातून नक्की दिसते.

१६६५मध्ये रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी स्वतःच्या खर्चाने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. लेखकांना त्यातून पैसा मिळत नव्हता. शोध आपण आधी लावला, याची तारखेसह नोंद व्हावी, हाच त्यांचा लाभ. या हौसेचा खरा धंदा झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारे विज्ञानावर पैसा ओतू लागली, ग्रंथालयांना जर्नल घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी हे हेरले. त्यांची पर्गमन प्रेस १९९१मध्ये एल्सव्हियरने ४४ कोटी पौंडांना घेतली. लेख फुकट, परीक्षण बहुतेक फुकट आणि विकत घेणार पुन्हा विद्यापीठच!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस अलामोसच्या पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्राचे लेख छपाईआधीच सर्वांना मोफत मिळतील अशी सोय केली. तेच पुढचे ‘अर्काइव्ह’. २००२च्या फेब्रुवारीत बुडापेस्ट जाहीरनामा आला, डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने. ‘सीसी बाय’ परवान्यात लेखकाचे नाव देऊन कुणीही लेख वाटू शकतो, अनुवादही करू शकतो. परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरे असतील, तर मराठी अनुवाद छापायला वेगळी परवानगी हवी. दख्खनच्या इतिहासावरचे कितीतरी लेखन इंग्रजीत आहे. तेव्हा ही दोन अक्षरे आपल्यासाठी किरकोळ नाहीत. मुक्त प्रवेशाच्या नावाखाली लेखकाकडूनच जबर शुल्क घेणारी जर्नलेही आहेत, हा त्याचा दुसरा चेहरा.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ लेखकाच्या बाजूने बरेच बोलतो. कलम १९नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतात. पण मोठे प्रकाशक ‘संपूर्ण जग, संपूर्ण मुदत’ असे स्पष्ट लिहूनच सही घेतात. म्हणून सहीआधी विचारावे: हस्तांतरणाऐवजी फक्त प्रकाशनाचा परवाना चालेल का? स्वीकृत मसुदा विद्यापीठाच्या संग्रहात ठेवता येईल का? अनेक जर्नल हो म्हणतात, पण विचारल्यावर.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली: तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, जवळपास १३,००० जर्नल. लाभ सरकारी संस्थांना. घरी बसून इतिहास धुंडाळणारा अभ्यासक अजून दाराबाहेरच आहे.