पापडाचा व्यापार आणि पावसाळा

नाशिकनजीकचें अंबड आज कारखान्यांचें म्हणून ओळखलें जातें. तरी चैत्र-वैशाखांत तेथील गच्च्यांवर पापड-कुरडया वाळत असतातच, आणि जिच्या हातचा पापड नांवाजला गेला आहे त्या गृहिणीस ‘हे विकत कां नाहीं ?’ असें कोणीतरी विचारतेंच. घरची ही कला बाजारांत टिकावयास काय लागतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें मुंबईच्या ‘लिज्जत’चा आरंभकाळ पाहावा.

15 मार्च 1959 रोजीं गिरगांवांत लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराथी गृहिणी पापड लाटावयास बसल्या. त्यांपैकीं जसवंतीबेन पोपट यांस पुढें 2021 सालीं पद्मश्री मिळाली. भांडवल 80 रुपये, तेंहि छगनलाल पारेख यांजकडून उसनें घेतलेलें. पहिल्या दिवशीं चार पुडे झाले. ते भुलेश्वराच्या एका व्यापाऱ्यास विकले. देणगी घ्यावयाची नाहीं, नफा-तोटा सर्वांनीं वांटून घ्यावयाचा, हा निश्चय प्रथमपासूनचा. आरंभीं हलका व उंची असा दोन प्रतींचा माल निघे. पारेखांनीं एकच उत्तम प्रत ठेवावयास सांगितलें.

पहिल्या पावसाळ्यांत मात्र चार महिने काम थांबलें. ऊन नाहीं तर पापड नाहीं ! नवा धंदा बहुधा अशाच वेळीं मोडतो, कारण गिऱ्हाईक वाट पाहत बसत नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला; खाटेवर पापड पसरावयाचे व खालीं स्टोव्ह पेटवावयाचा. 80 रुपयांची गोष्ट जो तो सांगतो. आम्हांस ही खाट अधिक मोलाची वाटते.

पुढें सर्वच सरळ झालें असें नाहीं. 1961 सालीं मालाडास काढलेली शाखा चालली नाहीं. ‘लिज्जत’ हें नांव 1962 तलें. संस्था म्हणून नोंदणी 1966 सालची.

मळलेलें पीठ केंद्रावरून घरीं न्यावें, लाटलेले पापड परत आणावे आणि वजनावर मोबदला घ्यावा, ही त्यांची रीत. तीवर शंका घेणें रास्त आहे. सिन्नरच्या बायकाहि घरीं विड्या वळतात आणि मोजणीवर मजुरी घेतात. पण तेथें पान-तंबाखू मालकाची आणि नफाहि मालकाचा. येथें पीठ संस्थेचें, आणि संस्था लाटणारणींची.