खांदशेकणीची रात्र, पोळ्याचा दिवस

आधी पायातलं काढा. श्रावणातली काळी माती चप्पल धरून ठेवते, आणि पुढच्या पावलाला तुम्हालाच आडवं पाडते. धोतर असेल तर गुडघ्यापर्यंत घ्या, लुगडं असेल तर ओचा वर खोवा, आणि पायाची बोटं रोवत चला. बोटांच्या फटींतून चिखल वर येईल. येऊ द्या, कोमट आहे.

साल १९२५ च्या आसपासचं धरा. पुलगावहून आर्वीकडे जाणारी धाकटी आगगाडी मघाशी शिट्टी देऊन गेली, तेवढाच काय तो बाहेरच्या जगाचा आवाज. आता दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आहे, मध्ये मध्ये तुरीची तासं, आणि पुढे कौलांतून निघणारा निळा धूर. जळण ओलं आहे. गावात शिरताच तो धूर डोळ्यांत जाईल, त्यात शेणाचा, भिजल्या कडब्याचा आणि सरकीच्या ढेपेचा वास मिसळलेला असेल. माशा अंगावर बसतील. गावातली माणसं त्या उडवत बसत नाहीत. तुम्हालाही घटकाभरात सवय होईल.

दारातली म्हातारी कपाळावर हात धरून तुमच्याकडे पाहते आहे. कोण, कुठले, कशाला आलात, हे ती आत्ता विचारणार नाही.

"या पाव्हने. हातपाय धुवा आंधी."

रांजणातलं पाणी पायांवर घ्या आणि तिच्या मागोमाग आत जा. ओसरी ओलांडली की उजवीकडे कोठा. माणसं झोपतात ती खोली आणि जनावरं बांधतात तो कोठा यांच्यामध्ये एक कुडाची भिंत, तीही पुरुषभर उंचीची. रात्री पलीकडे रवंथ चालतो, अलीकडे लेकरू कुशीवर वळतं. बैलानं रात्रीतून दोनदा पाय आपटला तर घरधनी झोपेतून उठून कंदील घेऊन जातो. बायकोला उठवायला मात्र तिला तीनदा हाक मारावी लागते, दिवसभराच्या कामानं ती इतकी दमलेली असते.

आज पोळ्याची आदली संध्याकाळ. कोठ्यात चिमणी लावली आहे. दोन बैल उभे आहेत, गौळाऊ जातीचे, आर्वीच्या या पट्ट्यातलेच. पांढरे, अंगानं शेलाटे, लांबट तोंडाचे. एकाचं नाव ढवळ्या, दुसऱ्याचं चांद्या. जवळ जा. तुम्ही बिचकलात हे सालदाराच्या लक्षात आलं आहे.

"लावा ना हात, भिता कायले?"

लावा. वशिंडाच्या पुढे, मानेवर, जिथे जू बसतं तिथे. बाकी अंगावरची कातडी मऊ आणि गरम आहे, हाताखाली थरथरते. इथे मात्र बोटांना खडबडीत घट्टा लागेल. केस झिजून गेले आहेत. पेरणीपासून डवरणीपर्यंत सगळा पावसाळा या चार बोटं जागेवरून ओढला गेला आहे. ढवळ्याच्या मानेवर एका बाजूला सूज आहे. तिथे तुमचं बोट दाबलं गेलं की तो मान बाजूला घेतो, पण शिंग उगारत नाही.

आता घरधनी येतो. हातात गरम पाण्याचा गडवा, मागून त्याची बायको वाटीत हळद आणि तूप कालवून आणते. आधी गरम पाण्यानं खांदा धुतात. मग पळसाच्या पानानं हळद-तूप चोळतात, सावकाश, त्या घट्ट्यावर, सुजेवर, पुन्हा पुन्हा. हीच खांदशेकणी. ही पूजा की औषध, असं इथे विचारू नका. हळद दोन्ही कामं करते, आणि चोळणाऱ्याच्या मनातही ती दोन कामं वेगळी झालेली नाहीत. देवाला हात जोडायचे असतात हे तुम्हाला शिकवलं गेलं आहे. इथे हात जोडून भागत नाही, हात फिरवावा लागतो.

चोळून झाल्यावर तो बैलाच्या कानाशी वाकतो आणि माणसाला द्यावं तसं बोलावणं देतो: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर या कानाशी नुसते हाकारे झाले. तुतारीची, म्हणजे टोकदार काठीची, टोचणीही झाली. आज आवाज उतरलेला आहे. बायको पदर डोक्यावर घेते आणि वाकून बैलाच्या खुरांना हात लावते.

रात्री तुम्हाला नीट झोप लागणार नाही. घोंगडी टोचेल, डास गुणगुणतील, कौलावर पाऊस पडेल. पहाटे मात्र जात्याच्या घरघरीनं जाग येईल, आणि त्या आवाजात आज घाई आहे. पुरण शिजतं आहे. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडा नसला तर सुंठ. मग पाटा-वरवंटा. पाटा धुवून घेतलेली सून गुडघ्यावर उभी राहून सगळं अंग टाकून पुरण वाटते. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं आहे. चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या कडकडतात. तुम्ही चुलीपाशी बसून पाहा, दहा मिनिटांत उठाल. ती पहाटेपासून तिथे आहे, आणि दुपार टळेपर्यंत तिच्या पोटात काही जाणार नाही. सण गोड होतो तो हिच्या उपाशीपणावर. हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी इथे लिहितो आहे.

बैल नदीवर गेले आहेत. तुम्हीही जा. सगळ्या गावची जनावरं आणि सगळ्या गावची पोरं एकाच पाण्यात. नारळाची शेंडी घेऊन पाठी घासणं चाललं आहे, पाणी गढूळ झालं आहे, कुणाचा तरी गोऱ्हा सुटून पलीकडच्या थडीला लागला आहे आणि त्याच्यामागे चौघं ओरडत पोहत आहेत. आज जू नाही, वखर नाही, तुतारीला हात लावायचा नाही.

घरी आल्यावर सजावट. शिंगांना हिंगूळ, अंगावर गेरूचे ठिपके, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ, पाठीवर झूल. नवी वेसण, नवा कासरा, नवं दावं. ते दावं हातात घेऊन पाहा. अंबाडीचा वाख ओला करून, मांडीवर वळून, पीळ देऊन केलेलं. वळणारा मांगवाड्यातला माणूस अंगणाच्या बाहेर उभा आहे. त्याच्या तळहाताला भेगा आहेत. त्यानं वळलेलं दावं कोठ्यात जातं, बैलाच्या गळ्यात पडतं, त्याची पूजाही होते. तो स्वतः मात्र उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाही, पुरणपोळी त्याच्या फडक्यात वरून टाकली जाते. हे पाहताना तुमची मान खाली जाईल. जायलाच हवी. या गावाच्या भक्तीला जनावराच्या मानेवरचा घट्टा दिसत होता, त्या माणसाच्या तळहातावरचा दिसत नव्हता.

उन्हं कलली की सगळे आखरावर. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आहे, त्याखाली बैलजोड्यांची रांग. डफडी इतकी जवळ वाजतात की छातीत धडधड होते. गर्दीत तुम्हाला एका बाजूनं बैलाचं ओलं नाक लागतं, दुसऱ्या बाजूनं कुणाच्या तरी खांद्यावरचं पोर. झडत्या सुरू होतात. एका टोकाचा गडी झडती म्हणतो, त्यात सावकाराला टोला असतो, पाटलालाही असतो, दुसऱ्या टोकाचा त्याला उत्तर देतो, आणि दर झडतीच्या शेवटी सगळं आखर हर हर महादेव म्हणून दुमदुमतं. एरवी पाटलासमोर मान वर न करणारा माणूस आज त्याच्या तोंडावर बोलून घेतो आणि पाटील हसतो. मग मानाचा बैल पुढे होतो, तोरण तुटतं, आणि बाजूला व्हा! सगळ्या जोड्या एकदम सुटल्या आहेत.

घरोघर बैल येतात. खुरांवर पाणी, कपाळाला कुंकू, ओवाळणं, आणि परातीत अख्खी पुरणपोळी. गड्याच्या हातावर बोजारा म्हणून पैसा-अधेला. बैलाच्या तोंडात घास पडल्याशिवाय घरात पान वाढत नाहीत, आणि पानही आधी सालदाराचं, त्याच्या बायकोचं, लेकरांचं.

तुम्ही निघण्याआधी एकच गोष्ट पाहून जा. आज पिठोरी अमावास्या आहे. आतल्या खोलीत सून भिंतीकडे तोंड करून बसली आहे. खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून ती मागे न पाहता विचारते, "अतीत कोन?" मागे उभं असलेलं लेकरू आपलं नाव सांगतं आणि वाण घेतं. या घरात पाळणा पाच वेळा हलला. उत्तर द्यायला दोघं आहेत. ती मात्र पाच वेळा विचारते. दोघंही समजून गेल्यासारखी आळीपाळीनं उत्तर देतात, धाकटं तर जरा मोठ्यानं.

आता या. आपल्या काळात नांगर बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरला आहे आणि कितीतरी घरांत पोळ्याला मातीचे बैल पाटावर मांडतात. तुमच्या घरात कासरा धरलेलं कुणी म्हातारं माणूस अजून असेल, तर येत्या पोळ्याला त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या बैलांची नावं विचारा. नातवंडांची नावं चुकतील, ही चुकायची नाहीत. लिहून ठेवा.