औषध आलं, पण ते घ्यायची मोकळीक?

१९९०च्या दशकात एड्सचं नाव निघालं की बोट वेश्यावस्तीकडे नाहीतर ट्रक ड्रायव्हरकडे जायचं. चार भिंतींत संसार करणारी बाई सुरक्षित आहे, असं सगळे धरून चालत. या समजाला पुण्यात तडा गेला. १९९३ ते १९९६ या काळात तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. देहविक्री न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. बहुतेक विवाहित होत्या आणि नवऱ्याशी असलेला संबंध हाच त्यांचा धोका होता. दवाखान्यातला हा आकडा साऱ्या समाजाला लागू होत नाही, पण रोगाची वाट त्याने दाखवून दिली.

तोवर गर्भातल्या बाळाला वाचवणारं औषध सापडलं होतं. झिडोवुडिन दिल्याने बाळाला लागण होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतं, हे १९९४मध्ये अमेरिका-फ्रान्समधल्या चाचणीत दिसलं. भारतात एप्रिल २००४पासून सरकारी एआरटी उपचार मोफत मिळू लागले. २०१४पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आयुष्यभराचं औषध देण्याचं धोरण आलं. उपचार नसतील तर अशा शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर आणि नेमाने उपचार घेतले तर हा आकडा पाचाच्या खाली जातो.

पण औषध नेमाने घ्यायचं तर घरात तेवढी मोकळीक हवी. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या २८,१३९ विवाहित स्त्रियांच्या माहितीचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. नवऱ्याचा मार आणि लैंगिक जबरदस्ती दोन्ही सोसणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीचं प्रमाण ०.७३ टक्के होतं, तर हिंसा न सोसणाऱ्यांत ०.१९.

कुही तालुक्यातल्या एखाद्या गावातली गर्भवती डोळ्यांपुढे आणा. तपासणीला जायला परवानगी लागते, नागपूरच्या मेडिकलला जायचं तर एसटीचे पैसेही मागावे लागतात. लागण झाल्याचं कळलं तर संसर्ग नवऱ्याकडून आलेला असला तरी ‘तूच घेऊन आलीस’ हे तिलाच ऐकावं लागतं. मग ती गोळ्या पिठाच्या डब्यात लपवते आणि एखादा दिवस चुकतो. कंडोमचं नाव काढलं तर मार बसतो. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नव्याने लागण झाली, तर विषाणूचं प्रमाण जास्त असतं आणि बाळाचा धोका वाढतो. बाळाला पाजायचं औषध कशाचं, असं सासूने विचारलं की तेही थांबतं.

कायद्याला हे उशिरा उमगलं. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा कोणत्याही धर्माच्या बाईला संरक्षण देतो. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. बाईला मारहाण होईल किंवा टाकून दिलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर तिची लागण डॉक्टर वा समुपदेशकाने नवऱ्याला सांगायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही.

मार खाऊन आलेल्या बाईला ‘सबर कर, सांभाळून घे’ म्हणून परत पाठवणारे आपण असतो, मग ती गावची तंटामुक्ती समिती असो, जातपंचायत असो की आपली जमात. त्या वेळी पोटातल्या जिवाचा हिशेब कुणी करत नाही. बाळाला वाचवणारी गोळी सरकार फुकट देतं. ती रोज निर्धास्तपणे गिळता येईल असं घर मात्र सरकारी दवाखान्यात मिळत नाही, ते आपल्यालाच द्यावं लागेल.